पट्टी, वही आणि बायोप्सी : मुलाच्या नेफ्रोटिक सिंड्रोमचा माझा अनुभव

माझा मुलगा चार वर्षांचा असताना एके सकाळी पापण्या सुजलेल्या अवस्थेत उठला. रात्री रडून झोपलेल्या मुलाचे डोळे दिसतात तसे ते दिसत होते, पण आदल्या रात्री तो रडलेला नव्हता. दुपारपर्यंत सूज उतरत असे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चढत असे. ज्या डॉक्टरांना आम्ही प्रथम दाखवले त्यांनी ॲलर्जी समजून डोळ्यांत घालायचे थेंब आणि एक सिरप दिले, आणि त्यात आठ दिवस निघून गेले. या आजाराची सुरुवात अनेकदा अशीच फसवी असते हे मला नंतर कळले, तरी त्या आठ दिवसांत लघवीची साधी तपासणी कोणीही सुचवली नाही याची चुटपुट अजून गेलेली नाही. त्याचे गाल भरलेले पाहून आजी तर ‘बाळसं धरलंय’ म्हणून खूश होती. नवव्या दिवशी मोजे काढताना त्याच्या पोटरीवर इलॅस्टिकचा खोल वळ दिसला, नडगीवर अंगठा दाबला तर पडलेला खळगा भरून यायला वेळ लागला, आणि आठवड्यात वजन दोन किलोंनी वाढल्याचे लक्षात आले.

लघवीत प्रथिने ४ प्लस, म्हणजे फारच जास्त, रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन १.६ इतके कमी आणि कोलेस्टेरॉल चारशेच्या वर असा अहवाल आला आणि त्याच संध्याकाळी आम्ही मुलांच्या मूत्रपिंडविकारांच्या तज्ज्ञ डॉक्टरबाईंसमोर बसलो होतो. त्यांनी दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून दाखवली. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात, त्या प्रत्येक गाळणीच्या बाहेरच्या अंगाला पोडोसाइट नावाच्या पेशी पावलांसारख्या फांद्या पसरून अशाच गुंफून बसलेल्या असतात, आणि त्यांच्या फटींमधून पाणी जाते पण अल्ब्युमिन सहसा जात नाही, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी बोटे सैल करून तळवे सपाट केले. ती पावले अशी सपाट झाली की अल्ब्युमिन लघवीतून वाहून जाते, रक्तात पाणी धरून ठेवणारे काही उरत नाही आणि ते शरीरभर झिरपून सूज येते; यकृत ही तूट भरून काढण्याच्या धडपडीत कोलेस्टेरॉलही वाढवून ठेवते. लहान वयात हा आजार मुलींपेक्षा मुलांमध्ये जवळजवळ दुप्पट आढळतो आणि बहुतेक मुलांना स्टेरॉइडने उतार पडतो, हेही त्यांनी त्याच बैठकीत सांगितले. मला त्यातले ‘बहुतेक’ एवढेच ऐकू आले.

निघताना त्यांनी एक वाक्य सांगितले, त्यावर पुढची तीन वर्षे चालली : ‘हा आजार मला इथे दिसणार नाही, तो तुम्हाला रोज सकाळी घरी दिसेल, म्हणून आजच एक वही घाला.’

पहिला कोर्स ठरलेल्या पद्धतीचा होता. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ६० मिलिग्रॅम या हिशेबाने रोज सहा आठवडे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, आणि त्यानंतर ४० मिलिग्रॅमच्या हिशेबाने एक दिवसाआड आणखी सहा आठवडे. गोळ्या सकाळी खाऊन झाल्यावर द्यायच्या, सूज असेपर्यंत मीठ कमी ठेवायचे, या काळात जिवंत जंतूंची कोणतीही लस द्यायची नाही, आणि कांजिण्या आलेल्या मुलाशी संपर्क आला तर ताबडतोब कळवायचे. या सूचना पाळणे अवघड नव्हते. अवघड होती ती स्टेरॉइडने आणलेली भूक आणि चिडचीड. पहाटे साडेचारला उठून खायला मागणारे, दिले नाही तर भांडी आपटणारे आणि दहा मिनिटांनी कुशीत शिरून ‘मी असा का करतो?’ विचारणारे मूल सांभाळणे याची तयारी कोणतेही माहितीपत्रक करून देत नाही.

लघवीतली प्रथिने रंगावरून दाखवणाऱ्या पट्टीचे काम माझ्याकडे होते. सकाळची पहिली लघवी घ्यायची, कारण दिवसभर उभे राहून, पळापळ करून काही निरोगी मुलांच्याही लघवीत थोडी प्रथिने उतरतात आणि त्यामुळे गोंधळ होतो. पट्टी बुडवून लगेच काढायची, कडेला टेकवून थेंब झटकायचा आणि साठ सेकंदांनी डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायची. पिवळी राहिली तर प्रथिने नाहीत, पोपटी झाली तर थोडी आहेत, आणि हिरव्याकडून निळसर हिरव्याकडे गेली तर तीन किंवा चार प्लस. सेकंद मोजायचे काम मुलाने हट्टाने स्वतःकडे घेतले होते. पण तो एकोणचाळीसला पोचला की अडखळत असे, कधी मागे तिसावर येत असे तर कधी थेट एकोणपन्नासवर उडी मारत असे, त्यामुळे मी गुपचूप घड्याळ पाहत असे. खिडकीतल्या उजेडात दिसणारा रंग आणि न्हाणीघरातल्या दिव्याखाली दिसणारा रंग सारखा नसतो, हे पहिल्या आठवड्यातच कळले आणि तेव्हापासून जागा ठरली ती ठरलीच. डबीचे झाकण उघडे राहिले तर दमट हवेने पट्ट्या बिघडतात, हे मात्र एक डबी वाया गेल्यावर समजले. १८२७ मध्ये रिचर्ड ब्राइट या इंग्रज डॉक्टरने अशा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली तेव्हा चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवायची आणि ती गढूळ होते का ते पाहायचे, अशी परीक्षा होती. पट्टीतले रसायन निराळे असले तरी आम्ही शोधत होतो ती गोष्ट तीच होती.

अकराव्या दिवशी पट्टी पिवळी राहिली. सलग तीन दिवस पिवळी राहिली तरच आजार शमला असे म्हणायचे, आणि सलग तीन दिवस तीन प्लस किंवा त्याहून जास्त आली तर तो उलटला असे म्हणायचे, ही व्याख्या आम्हाला तोपर्यंत पाठ झाली होती. आमच्या घरात तेव्हापासून काळ तीन-तीन दिवसांनी मोजला जाऊ लागला.

उलटण्याचे प्रमाण या आजारात मोठे आहे. स्टेरॉइडने बरी झालेल्या मुलांपैकी दहातल्या आठ जणांना तो पुन्हा कधी ना कधी गाठतो, आणि निमित्त बहुधा सर्दीखोकल्याचे असते. आमचा पहिला रिलॅप्स, म्हणजे आजाराचे उलटणे, चार महिन्यांनी आला, दुसरा त्यानंतर सात महिन्यांनी, आणि दोन्ही वेळा वहीत आधी ‘नाक वाहते’ आणि चार-पाच दिवसांनी ‘३ प्लस’ अशी नोंद आहे. सर्दी होताच थोडे दिवस रोज स्टेरॉइड द्यावे म्हणजे रिलॅप्स टळेल, हा सल्ला मला दोघातिघांनी दिला होता. डॉक्टरबाईंनी त्यावर ब्रिटनमधल्या प्रेडनॉस २ या अभ्यासाची माहिती दिली. साडेतीनशेहून अधिक मुले त्यात घेतली होती, सर्दी झाल्यावर निम्म्यांना सहा दिवस लहान डोस रोज आणि निम्म्यांना तशीच दिसणारी औषधरहित गोळी दिली होती, आणि २०२१ च्या अखेरीस निष्कर्ष आला तेव्हा रिलॅप्सचे प्रमाण एका गटात ४३ टक्के तर दुसऱ्यात ४४ टक्के निघाले. मला त्या आकड्यांपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीने थांबवले : त्या अभ्यासातही मुलांची लघवी रोज तपासणारे हात घरातल्या माणसांचेच असणार.

चौथ्या रिलॅप्सच्या वेळी पट्टी पिवळी झालीच नाही. चार आठवडे पूर्ण डोस झाला, त्यानंतर आणखी दोन आठवडे वाट पाहिली, आणि तरीही तीन प्लस. सुरुवातीला स्टेरॉइडला दाद देणारा आजार पुढे दाद देईनासा होतो तेव्हा मूळ कारण सहसा जनुकांत नसते, पण मूत्रपिंडात नेमके काय चालले आहे ते पाहिल्याशिवाय पुढचे औषध सुरू करू नये, असे डॉक्टरबाईंचे मत पडले आणि बायोप्सी, म्हणजे मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासणे, ठरली. मुलगा तेव्हा साडेसहा वर्षांचा होता.

रक्त गोठण्याच्या चाचण्या, रक्तदाब आणि सोनोग्राफी आधी झाली. सकाळी त्याला गुंगीचे औषध देऊन पालथे झोपवले आणि पोटाखाली गुंडाळलेली चादर सरकवली, म्हणजे मूत्रपिंड पाठीकडे येते. सोनोग्राफीत पाहत डाव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाशी सुई नेली जाते, आणि ती स्प्रिंगच्या जोराने क्षणात आत जाऊन तुकडा घेऊन येते. स्टेपलरसारखा खटकन आवाज होतो. मुलाने दचकू नये म्हणून परिचारिकेने आदल्या दिवशीच तो त्याला तीन-चारदा ऐकवला होता. मला आत थांबू दिले होते. सुतासारखे बारीक, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीचे दोन तुकडे निघाले, त्यांत पुरेशा गाळण्या आल्या आहेत का हे तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले आणि ते तीन निरनिराळ्या बाटल्यांत विभागले गेले, कारण साध्या सूक्ष्मदर्शकाची, चमकणाऱ्या रंगांची आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची तपासणी करायची तर तुकडे वेगवेगळ्या द्रावांत ठेवावे लागतात. मग सहा तास उताणे पडून राहायचे. प्रत्येक वेळची लघवी वेगळ्या बाटलीत ठेवून ओळीने मांडली होती. पहिली गुलाबी होती, दुसरी जेमतेम तशी वाटली आणि तिसरी स्वच्छ आली तेव्हा मी त्या दिवसातला पहिला चहा घेतला.

संशोधनाचा प्रश्न बायोप्सीच्या आदल्या दुपारी आला होता. एक तरुण संशोधक अकरा पानांचे संमतिपत्र घेऊन आल्या. उपचारासाठी लागेल तेवढा तुकडा वापरून उरलेला भाग, पाच मिलिलिटर जास्तीचे रक्त आणि लघवी त्यांना हवी होती. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक राहील, नकार दिला तर उपचारांत फरक पडणार नाही, संमती नंतर कधीही मागे घेता येईल, आणि नमुन्यातून काय निघाले ते आम्हाला कळवले जाईलच असे नाही, हे त्यात स्वच्छ लिहिले होते. जनुकीय तपासणीसाठी वेगळा चौकोन होता. मी बाकी सगळीकडे सही केली आणि तो चौकोन रिकामा ठेवला. मुलाच्या जनुकांची माहिती कायमची कुठेतरी साठवण्याचा निर्णय मी त्याच्या वतीने एका दुपारी घ्यावा हे मला पटले नाही. संशोधकबाईंनी कारणही विचारले नाही, याचे मला बरे वाटले.

मुलासाठी चित्रांचे वेगळे पान होते आणि त्याचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकायचे असा नियम होता. त्याने विचारले, ‘माझा तुकडा परत लावणार का?’ नाही म्हटल्यावर त्याचा दुसरा प्रश्न आला, ‘मग तो तिथे एकटाच राहणार?’ संशोधकबाई गोंधळल्या आणि म्हणाल्या, ‘नाही रे, तिथे तुझ्यासारख्या खूप मुलांचे तुकडे आहेत.’ हे उत्तर त्याला पुरले आणि त्याने वाकड्या अक्षरांत आपले नाव लिहिले.

त्यांनी त्यानंतर माझी वही मागितली. तुकडा आणि रक्त कोणत्या दिवसाचे आहे, तेव्हा प्रथिने किती होती आणि कोणत्या औषधाचा किती डोस चालू होता हे माहीत नसेल तर त्या नमुन्याची किंमत फार कमी राहते, असे त्या म्हणाल्या. मी वही दिली आणि त्याच क्षणी तिच्यातली सतरा दिवसांची रिकामी जागा आठवली. तिसऱ्या रिलॅप्सच्या आधी सगळे सुरळीत होते, मला कंटाळा आला होता आणि मी पट्ट्या पाहणेच बंद केले होते. त्यांनी त्या पानावर पेन्सिलीने फक्त ‘नोंद नाही’ असे लिहिले. मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागले.

बायोप्सीचा संपूर्ण अहवाल यायला दोन आठवडे लागले. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली गाळण्या जवळजवळ निर्दोष दिसत होत्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पोडोसाइटची पावले सपाट झालेली होती. याला मिनिमल चेंज म्हणतात, आणि मुलांमध्ये हेच सर्वाधिक आढळते. टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू झाले. दर बारा तासांनी घड्याळ लावून द्यायचे, आणि रक्तातली पातळी मोजायची असेल त्या दिवशी सकाळचा डोस रक्त दिल्यानंतरच घ्यायचा. एकदा सवयीने मी डोस आधीच दिला आणि संपूर्ण फेरी वाया गेली. हे औषध स्वतःच मूत्रपिंडाला इजा करू शकते, म्हणून मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारे रक्तातले क्रिएटिनिनही वारंवार पाहावे लागते. पाचव्या आठवड्यात पट्टी पिवळी झाली.

वर्षभराने, २०२४ मध्ये, संशोधकबाईंनी स्वतःहून फोन करून एका निष्कर्षाविषयी सांगितले, जो आमच्या नमुन्यांतून आलेला नव्हता. पोडोसाइटच्या गुंफलेल्या पावलांमधला पडदा नेफ्रिन नावाच्या प्रथिनाचा असतो, आणि त्याचे जनुक १९९८ मध्ये कार्ल ट्रिग्व्हासन यांच्या गटाने शोधले होते. आता युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात या आजाराच्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांच्या रक्तात नेफ्रिनविरुद्धच्या प्रतिपिंडांचा पुरावा मिळाला होता. आजार जोरात असताना आणि प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू नसताना रक्त घेतलेल्या मुलांत मात्र हे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे एकाच मुलाचे रक्त चार प्लसच्या दिवशी एक सांगते आणि पिवळ्या पट्टीच्या दिवशी दुसरेच. पेन्सिलीने लिहिलेल्या त्या ‘नोंद नाही’चा अर्थ मला तेव्हा पूर्ण कळला.

सध्या टॅक्रोलिमसचा डोस हळूहळू कमी होत आहे आणि स्टेरॉइड पूर्ण बंद आहे. वही तिसरी चालू आहे. मागच्या आठवड्यात पट्टी पिवळी असतानाचे, तुलनेसाठीचे रक्त मागण्यासाठी पुन्हा फोन आला. आता आठ वर्षांचा झालेल्या मुलाला मी विचारले, तेव्हा त्याने थोडा वेळ विचार केला आणि ‘देईन, पण या वेळी डाव्या हातातून’ असे सांगितले. ती अट मी वहीत लिहून ठेवली आहे.