खटक्याचा महागडा चाकू घ्यावा का?

मायक्रोटेक अल्ट्राटेक, बेंचमेड इन्फिडेल, प्रो-टेकचे बटणाचे चाकू. बटण दाबलं की पातं आपसूक बाहेर येतं आणि खट्कन लॉक होतं. अमेरिकेत यांच्या किमती साधारण दीडशे-दोनशे डॉलरपासून सुरू होतात आणि चारशेच्या पुढेही जातात. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाने एवढे पैसे घालावेत का, या प्रश्नाला माझं उत्तर "नाही" असं आहे. पण त्याची कारणं नीट समजून घ्यायला हवीत.

आधी यंत्रणा बघू. खटक्याचे चाकू दोन जातींचे. पहिल्या जातीत पातं नेहमीच्या घडीच्या चाकूसारखं बाजूने फिरतं. पिव्हटभोवती, म्हणजे पातं ज्या खिळीवर फिरतं तिच्याभोवती, पिळाची स्प्रिंग असते आणि चाकू मिटलेला असताना ती कायम ताणात असते. बटणाखालची खुंटी पात्याच्या खाचेत अडकून त्याला धरून ठेवते. बटण खोलगट जागेत बसवलेलं नसेल किंवा सेफ्टीची सरकपट्टी सैल असेल, तर असा चाकू खिशात उघडू शकतो. त्याचं बंद करणं मात्र कुणी विचारात घेत नाही. बटण दाबून धरायचं आणि स्प्रिंगच्या जोराविरुद्ध पातं आत ढकलायचं, म्हणजे बहुतेकांना दुसरा हात लागतोच. उघडताना वाचलेला हात मिटताना खर्ची पडतो. साधा लायनर लॉक किंवा फ्रेम लॉकचा चाकू, ज्यात मुठीतली धातूची पट्टी पात्यामागे सरकून त्याला अडवते, एका हाताने उघडतो आणि मिटतोही.

दुसरी जात समोरून सरळ बाहेर येणाऱ्या पात्याची. अल्ट्राटेक आणि इन्फिडेल या जातीतले. यांची स्प्रिंग एरवी जवळपास सैल असते. तुम्ही अंगठ्याने सरकबटण ढकलता तेव्हा ती ताणली जाते, शेवटी कडी सुटते आणि पातं झेपावतं. शेवटचं अंतर ते फक्त मिळालेल्या वेगावर कापतं. म्हणून वाटेत कापड, बोट किंवा कचरा आडवा आला की पातं मध्येच सैल लटकतं. मग टोकाकडून जपून धरून ते पूर्ण बाहेर ओढावं लागतं, कडी बसल्याचा आवाज येईपर्यंत. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. पातं धावायला आत थोडी मोकळी जागा लागते, त्यामुळे ते किंचित हलतंही. नव्या कोऱ्या चाकूत ही हालचाल दिसली की लोक घाबरतात. थोडी असणं स्वाभाविक आहे, जास्त असेल तर परत करावा.

समोरून उघडणारा चाकू आपल्या हवेत लवकर कुरकुरतो. पुढचं तोंड कायम उघडं असतं. खिशातलं सुती तुसं, पुठ्ठ्याची भुकटी, घामाचं मीठ सगळं आत जातं आणि घरी सहज खोलून पुसता येत नाही. काही कंपन्या खास स्क्रू वापरतात आणि तुम्ही खोललात तर वॉरंटी संपली असं समजतात. मग लायटरच्या इंधनाने आतून धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि पातळ तेलाचे दोनच थेंब सोडायचे. हे मोकळ्या हवेत, आग आणि ठिणगीपासून लांब करा. जास्त तेल घातलं तर धूळ चिकटते आणि पातं आणखी अडखळतं. पावसाळ्याचे चार महिने हे पुन्हा पुन्हा करायची तयारी हवी. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओलावा धरून ठेवतं.

पोलादाकडे वळू, कारण खरा पैसा तिथे घालावा. डी२ हे लोकप्रिय पोलाद आहे. त्यात सुमारे १२ टक्के क्रोमियम असतं, पण त्यातलं बरंचसं कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जुळून झालेल्या कठीण कणांमध्ये, अडकलेलं असल्यामुळे खाडीकाठच्या हवेत त्यावर ठिपके पडतात. २०२१ साली आलेल्या मॅग्नाकट या पोलादात क्रोमियम १०.७ टक्केच आहे, तरी ते गंजाला जास्त दाद देत नाही. त्यात क्रोमियमची कार्बाइडं तयारच होत नाहीत, सगळं क्रोमियम पोलादाच्या रक्षणाला मोकळं राहतं. एम३९० हे पोलादसुद्धा आपल्याकडे उत्तम टिकतं. पण दोघांनाही धार लावायला हिऱ्याची पट्टी लागते, कारण व्हॅनेडियमची कार्बाइडं साध्या ॲल्युमिनाच्या दगडापेक्षा कठीण असतात. दारावर येणाऱ्या सायकलवाल्याच्या कोरड्या चाकावर असं पातं कधीही देऊ नका. धार तापून निळी पडली की तिचा कडकपणा गेलाच. प्रत्येक बाजूला १७ ते २० अंशांचा कोन ठेवा आणि ४००, मग १००० ग्रिटने (आकडा मोठा तितकी पट्टी बारीक) हलक्या हाताने घासा.

आता कायदा. "९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यालाच परवाना लागतो, बाकी मोकळं" असं सर्रास ऐकायला मिळतं. शस्त्र नियमांतलं हे माप खरं आहे, पण त्यावर विसंबून चालत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त मनाई आदेश काढतात, आणि त्या कलमात तलवारी-भाल्यांच्या सोबत 'चाकू' हा शब्दच आहे, मापाशिवाय. सण, निवडणुका, आंदोलनं आली की हे आदेश निघतात. कळव्याहून विटावा ओलांडून दिघ्याला गेलात की आयुक्तालयच बदलतं, म्हणजे दोन्हीकडचा आदेश वेगळा बघायचा. दिल्लीत तर १९८० च्या अधिसूचनेने बटणदार आणि गरारीदार (दातेरी अडणीच्या) चाकूंना वेगळं नियंत्रण आहे, ७.६२ सेंटीमीटर लांबी आणि १.७२ सेंटीमीटर रुंदीपासून. तिकडे प्रवास असेल तर हे लक्षात ठेवा. ट्रेकवाल्यांनी आणखी एक बघावं. वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत चाकू आहे आणि अभयारण्यात तो लेखी परवानगीशिवाय नेता येत नाही, राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू. येऊरच्या बाजूने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शिरणाऱ्यांना, कर्नाळ्याला जाणाऱ्यांना हे क्वचितच माहीत असतं.

परदेशातून मागवण्याचा विचार असेल तर, बटणाचा चाकू कस्टममध्ये अडकला की सोडवून घ्यायची जबाबदारी तुमची. आणि बिघडला तर? वॉरंटी अमेरिकेत. परत पाठवायला कुरिअर कंपनी तयार होणं कठीण, आणि अमेरिकेच्या टपाल खात्यातही खटक्याच्या चाकूंवर बंधनं आहेत. म्हणजे तीनशे डॉलरच्या वस्तूला इथे दुरुस्ती नाही. ऑनलाइन "अर्ध्या किमतीत अल्ट्राटेक" दिसला तर तो नकली समजा. अल्ट्राटेक आणि इन्फिडेल यांच्या नकला ढिगाने होतात, पात्यावर नामांकित पोलादाचं नाव कोरलेलं असतं आणि धार काही पुठ्ठ्यांतच बोथट होते.

मग घ्यायचं काय? वाशीच्या एपीएमसीत किंवा तुर्भ्याच्या गोदामात दिवसभर खोकी आणि पट्ट्या कापायच्या असतील तर मोडत्या पात्याचा कटर. पुठ्ठा कुठल्याही चांगल्या पात्याची धार खातो, तिथे महागडं पोलाद वाया जातं. घरकाम आणि प्रवासात फळं, दोरा, पाकिटं यांसाठी ओपिनेल ८, स्टेनलेस, ८.५ सेंटीमीटर पातं, फिरत्या कड्याचं लॉक. लाकडी मूठ पावसात फुगून पातं घट्ट बसतं, तेवढं सांभाळा. चांगली यंत्रणा आणि चांगलं पोलाद दोन्ही हवं असेल तर मॅग्नाकटचा स्प्रिंगविना घडीचा चाकू, फ्रेम लॉक किंवा बटण लॉकचा. बटण लॉकमध्ये बटण फक्त पातं सोडवतं, उघडतो अंगठाच.

हातात घेतल्यावर हे तपासा. मिटलेलं पातं मुठीच्या दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मध्ये आहे का, उघडून टोक हलक्या हाताने बाजूला आणि वर-खाली दाबल्यावर हलतं का, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पाठीवर बेताने दाब दिल्यावर लॉक सुटतं का. यापैकी एकही गोष्ट खटकली तर दुकानातच परत द्या.