चौथ्या फळीतली चाळीस सेकंदं

कॅनडाच्या ज्युनिअर आइस हॉकीत १६-१७ वर्षांचा मुलगा येतो, तेव्हा आधीच्या संघात बहुधा सगळ्यात जास्त गोल त्याचेच असतात. इथे मात्र समोर २० वर्षांचे दांडगे खेळाडू उभे असतात आणि जागा मिळते ती चौथ्या फळीत, म्हणजे एकत्र उतरणाऱ्या आक्रमकांच्या सगळ्यात कमी खेळणाऱ्या गटात. ओंटारिओ आणि वेस्टर्न लीगचा हंगाम ६८ सामन्यांचा, पण नव्या मुलाच्या वाट्याला एका सामन्यात कित्येकदा जेमतेम सात-आठ मिनिटं येतात. तेवढ्यात गोल करून दाखवायची घाई झाली की घोळ होतो. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, आपल्याकडे नसताना हा मुलगा काय करतो, ते प्रशिक्षक आधी बघतो.

सगळ्यात मोठी परीक्षा बोर्डापाशी, म्हणजे रिंकभोवतीच्या भिंतीपाशी होते. आपला बचावपटू गोलमागून पक बोर्डाच्या कडेने फिरवतो आणि विंगरने, म्हणजे कडेच्या आक्रमकाने, तो आपल्या हद्दीच्या निळ्या रेषेबाहेर काढायचा असतो. पक पोचायच्या आत मान वळवून दोनदा मागे बघायचं. एकदा पुरत नाही, कारण तेवढ्या वेळात समोरचा बचावपटू अंगावर धावून आलेला असतो. पाठ बोर्डाकडे, गुडघे वाकलेले, स्टिक बर्फावर टेकलेली. पक उसळला तर स्केटच्या पात्याने अडवायचा. मोकळीक असेल तर मधल्या सेंटरला पास. नसेल तर बोर्डावरच्या काचेवर आपटून सरळ बाहेर. दिसायला काहीच नाही, पण माझ्या मते नव्या मुलावरचा विश्वास इथेच बसतो. दडपणाखाली उलट्या हाताने मध्ये ढकललेला मऊ पास थेट आपल्या गोलसमोर प्रतिस्पर्ध्याला सापडतो, आणि मग पुढचा बराच वेळ बाकावर जातो.

शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची. पाय जड होण्याआधी बाकावर परतायचं, तेही पक समोरच्यांच्या हद्दीत खोल टाकून. दुसऱ्या सत्रात बाजू बदलतात आणि आपली बचावाची हद्द आपल्या बाकापासून लांब पडते. नवी मुलं नेमकी इथे अडकतात: दमलेली असतात, पण बदलीला जाता येत नाही, आणि गोल बसतो.

शॉट अडवताना अंग वळवायचं नाही. पॅड पुढच्या बाजूला असतात. वळलं की पोटरीची मागची बाजू उघडी पडते. गोठवलेला रबरी पक सुमारे १६० ग्रॅमचा असतो, तो तिथे बसला तर हंगामाचे काही आठवडे गेलेच म्हणून समजा.

आता स्केट. पात्याच्या तळाला लांबीभर पन्हळ कोरलेली असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना धार. अर्धा इंच त्रिज्येची पन्हळ बऱ्याच जणांना चालते. तीन अष्टमांश इंचाची त्याहून खोल. बर्फ घट्ट पकडते, पण घसरण कमी होते आणि पाय लवकर दमतात. हलक्या अंगाच्या मुलाला ती जमते, वजनदार मुलाला पाच अष्टमांश बरी. धार लावून आणल्यावर पात्यावर एक नाणं आडवं ठेवून बघावं. ते पात्याशी काटकोनात बसलं नाही, तर एक धार उंच आणि एक खाली आहे. मग एकाच बाजूचं वळण घेताना पाय सटकतो आणि मुलाला वाटतं आपलंच स्केटिंग बिघडलं. नखाने धार चाचपली की खाचही कळते. सराव संपला की पातं कोरडं पुसायचं, नाहीतर गंज धार खातो.

स्टिकचा फ्लेक्स, म्हणजे ती किती ताठ आहे त्याचा आकडा, साधारण शरीराच्या पौंडातल्या वजनाच्या निम्मा धरतात: ६८ किलोच्या मुलाला ७५ च्या आसपास. वरून कापली की स्टिक आणखी ताठ होते, हे विकत घेतानाच लक्षात घ्यावं. मोठ्या खेळाडूंचं बघून ताठ स्टिक उचलणारी मुलं बरीच. ती वाकतच नाही, त्यामुळे मनगटाच्या शॉटमध्ये जोर उतरत नाही. उंची-वजन वाढतं वय असतं हे, म्हणून दर हंगामाला हे गणित नव्याने करावं.