डॉक्टरांची गाडी, कमी चाललेली

जुन्या आलिशान डिझेल एसयूव्हीच्या बाजारात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात : ‘डॉक्टरांची गाडी आहे’ आणि ‘फारशी चाललेलीच नाही’. पिंपळगाव बसवंतचा माझा मावसभाऊ द्राक्षांचे पैसे हाती आल्यावर अशाच एका गाडीवर अडून बसला होता. सहा वर्षांची जर्मन गाडी, ओडोमीटरवर जेमतेम ३० हजार किलोमीटर आणि किंमत नव्या गाडीच्या निम्म्याहून कमी. “दादा, गाडी नव्यासारखी आहे,” असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. डिझेल गाडीच्या बाबतीत ‘कमी चाललेली’ हे विशेषण मला मात्र भुरळ घालत नाही.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते, परंतु त्यासाठी फिल्टरचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत जावे लागते आणि गाडी बराच वेळ एका लयीत धावावी लागते. दर आठवड्याला कसारा घाट चढून मुंबईहून नाशिकला परतणाऱ्या गाडीत हे काम मालकाच्या नकळत होऊन जाते. गंगापूर रोडवरच्या बंगल्यातून कॉलेज रोडच्या दवाखान्यात जाणाऱ्या गाडीचे इंजिन धड तापायच्या आत बंद होते. काजळी जळायला सुरुवात होते, ती अर्धवट राहते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडते.

याचा खरा फटका फिल्टरपेक्षा इंजिनाला बसतो. तापमान वाढवण्यासाठी बहुतेक इंजिने सिलिंडरमध्ये जादा डिझेल उशिरा फवारतात आणि त्यातले न जळलेले डिझेल भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पातळ होते आणि टर्बो व बेअरिंगे त्याच पातळ ऑइलवर चालतात. म्हणून इंजिन थंड असताना डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, काढून पाहावी : पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि पुसलेल्या फडक्याला डिझेलचा वास येत असेल, तर पुढची बोलणी थांबवलेली बरी. ज्या गाड्यांत डिपस्टिकच दिलेली नसते, तिथे पडद्यावरच्या आकड्यावर भिस्त ठेवावी लागते, जे मला मुळीच आवडत नाही. फिल्टरचा त्रास टाळण्यासाठी तो कापून काढून गाडीच्या संगणकात फेरफार करून देणारेही आहेत. हे नियमबाह्य तर आहेच, पण ओळखायलाही सोपे आहे. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीच्या एक्झॉस्ट पाइपाच्या तोंडात पांढरा रुमाल फिरवला तर तो जवळजवळ स्वच्छ निघतो. काळाकुट्ट निघाला तर फिल्टर काढलेला आहे किंवा फुटलेला आहे, असे समजावे.

एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हचे गाऱ्हाणेही याच कुळातले. एक्झॉस्टमधली काजळी आणि क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ मिळून इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर बसतो, त्यात झडपा अडकतात आणि गाडी ‘लिंप मोड’मध्ये जाते, म्हणजे ताकद कमी करून कशीबशी चालते. डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांच्या बाबतीत आपण नाशिककर थोडे नशीबवान आहोत, कारण सातपूरच्या बॉशच्या ज्या कारखान्याला गावात अजूनही ‘मायको’ म्हणतात, तिथे इंजेक्टर आणि नोझल घडत आले आहेत आणि डिझेल पंप-नोझलची जाण असलेला कारागीर इथे शोधत हिंडावे लागत नाही. अर्थात या गाड्यांतले पायझो इंजेक्टर बहुधा दुरुस्त होत नाहीत, बदलावेच लागतात. तिथे कारागिराच्या हुशारीपेक्षा खिशाची खोली महत्त्वाची ठरते.

स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणाऱ्या एअर सस्पेन्शनला तर किलोमीटरशी फारसे देणेघेणेच नाही. रबरी एअर स्प्रिंगच्या घड्यांना वयाने आणि उन्हाने चिरा पडतात, हवा झिरपू लागते आणि ती भरून काढताना कॉम्प्रेसर जादा चालून शेवटी जळतो. रात्रभर एका जागी उभी असलेली गाडी सकाळी सुरू करण्यापूर्वी पाहावी, टायर आणि मडगार्डमधल्या फटीत चारही कोपऱ्यांवर बोटे घालून अंतर ताडावे. आम्ही पाहिलेल्या गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात इतरत्र बसणारी चार बोटे बसत नव्हती. विक्रेत्याने घाईने इंजिन सुरू केले आणि गाडी सावकाश उचलली गेली, तेव्हा भाऊ पहिल्यांदा गप्प झाला.

काही दोष मात्र वापर कसाही असला तरी येतात. मर्सिडीजच्या ओएम ६४२ या व्ही-६ डिझेल इंजिनात ऑइल कूलर दोन बाजूंच्या सिलिंडरांमधल्या खळग्यात, टर्बोच्या खाली बसवलेला आहे. त्याची सीले कडक झाली की तेल मागे ओघळून गिअरबॉक्सच्या तोंडाशी गळते आणि मेकॅनिक क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलला दोष देऊन मोकळा होतो. सीले किरकोळ किमतीची, पण तिथवर पोहोचायला वरचा सगळा पसारा उतरवावा लागतो. बीएमडब्ल्यूच्या एन ४७ आणि एन ५७ इंजिनांत झडपांची उघडझाप जुळवणारी टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असल्यामुळे तिचे काम निघाले की गिअरबॉक्स किंवा इंजिनच उतरवावे लागते आणि बिलाचा आकडाच बदलतो. थंड इंजिन सुरू करताना मागच्या बाजूने येणारी खरखर म्हणूनच कान देऊन ऐकावी.

दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त गाड्यांविषयीही लोक विचारतात. तिथल्या १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवरच्या बंदीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली शिक्कामोर्तब केल्यावर त्यांचा ओघ वाढला; ती बंदी २०२५ साली काहीशी शिथिल झाली. एनओसी, इथली नोंदणी आणि रोड टॅक्स धरला की स्वस्ताई बरीच आटते, आणि शहरी कोंडीत रांगत काढलेले आयुष्य ओडोमीटरवर उमटत नाही, ते वेगळेच.

भावाने शेवटी लाखाच्या वर चाललेली, मुंबई-आग्रा महामार्गावर नियमित धावलेली आणि ऑइल वेळेआधी बदलल्याच्या पावत्या असलेली गाडी घेतली. गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभराचे’ असल्याचे त्याला सांगण्यात आले होते. पण आठ गिअरांचा हा गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनीच ते ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान बदलायला सांगते, म्हणून ते आधी बदलून घेतले. पुढच्या एअर स्प्रिंगांचे काम छाटणीची धावपळ उरकल्यावर करायचे ठरले आहे.