रिपोर्टमध्ये न दिसणारं

आज ओपीडीत पक्षाघाताचे एक आजोबा आले, सोबत सूनबाई. फाईल जाडजूड. "एमआरआय झालाय ना, मग परत एवढं कशाला तपासता?" असं सूनबाईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता. पण एमआरआय मेंदूत इजा कुठे झाली ते दाखवतो. कोपर किती ताठ आहे, ते हात हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

आधी कोपर सावकाश सरळ केलं, सहज झालं. तेच झटकन केलं तर शेवटाकडे अडकलं आणि तिथून पुढे थोडा विरोध जाणवत राहिला. स्नायूंचा ताठरपणा मोजायच्या सुधारित अ‍ॅशवर्थ स्केलवर १+, म्हणजे सौम्य. वेग वाढला की विरोध वाढतो, ही स्पॅस्टिसिटी. पार्किन्सनमध्ये मात्र हळू करा की भरभर, ताठरपणा साधारण तसाच राहतो.

मग डोळे मिटायला सांगून अधू हातात किल्ली ठेवली, मीच ती बोटांवरून फिरवली. "काहीतरी गार लागतंय," एवढंच म्हणाले. दुसऱ्या हातात देताच लगेच, "किल्ली!" स्पर्श शाबूत होता, पण वस्तूची ओळख हरवली होती.

"म्हणून कप सुटतो होय हातातून! आम्ही उगाच ओरडायचो, लक्ष नसतं म्हणून," सूनबाई म्हणाल्या. आजोबांनी मान हलवली. कितीतरी दिवस त्यांना हेच सांगायचं असणार.

गर्दी असली की संवेदनांची तपासणी हमखास राहून जाते, याचं मला फार वाईट वाटतं. आजोबांना घरी करायला दिलंय: डब्यात तांदूळ, त्यात चमचा, नाणं, बटण, आणि डोळे मिटून शोधायचं. नातू मदत करणार आहे म्हणे.