एक लाख वीस हजारांचा स्वल्पविराम

कॉलेजातल्या मुलांना इथे अमेरिकेत होमवर्क असतो, हे आईला अजून पटत नाही. "अगं, घरचा अभ्यास शाळेतल्या पोरांना देतात," असं ती म्हणते. तिचंही खरं आहे. पुण्यात इंजिनिअरिंग करताना आम्हाला होतं ते सबमिशन. चार महिने काही नाही, आणि टर्मच्या शेवटच्या आठवड्यात एकाची फाइल दहा जणांच्या खोल्यांतून फिरायची. त्याला आम्ही 'छापणं' म्हणायचो. मीही रात्र रात्र जागून छापल्या आहेत. जर्नलवर सरांची सही झाली की ती वही परत कुणी उघडायचं नाही.

ओहायोत एमएस करायला आले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की इथे होमवर्क दर आठवड्याला येतो, रविवारी रात्री ११:५९ ला बंद होतो आणि त्याचे गुण निकालात धरतात. बऱ्याच विषयांत प्रश्न सगळ्यांना तोच, पण आकडे प्रत्येकाला वेगळे. कॉम्प्युटरच बदलून देतो. त्यामुळे शेजारणीचं उत्तर उतरवून घ्यायची सोयच नाही.

दुसऱ्या सेमिस्टरपासून मी आमच्या विद्यापीठाच्या ट्युटरिंग सेंटरमध्ये काम करते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं, त्यातले माझे बारा इथे जातात. लायब्ररीच्या तळमजल्यावर लांब टेबलं, त्यांवर पाट्या: फिजिक्स, कॉम्प्युटर सायन्स, अकाउंटिंग, बिझनेस. पहिली दोन टेबलं माझी. पण मंगळवारी संध्याकाळी अकाउंटिंगचा ट्युटर स्वतःच्या वर्गाला जातो, तेव्हा ते टेबलही माझ्याकडे येतं. आईने सांगलीतल्या एका पतसंस्थेत अठ्ठावीस वर्षं हिशेब लिहिले. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द मी स्वयंपाकघरात ऐकत वाढले. इथे अकाउंटिंगचा एक कोर्सही केला. तेवढ्या शिदोरीवर मी त्या टेबलावर बसते.

कामावर रुजू होताना सांगितलेला पहिला नियम मला फार आवडतो: पेन्सिल विद्यार्थ्याच्या हातात राहिली पाहिजे. ट्युटरने वहीवर लिहायचं नाही. विचारायचं, ऐकायचं, थांबायचं. यातलं थांबणं मला सगळ्यात जड गेलं. समोरचं पोर चुकीचं चिन्ह लिहीत असतं आणि आपले हात शिवशिवत असतात. तरी गप्प बसायचं, कारण पुढच्या ओळीत ते स्वतःच अडखळतं आणि मागे वळून बघतं.

गुण देण्याची पद्धतही त्याला साजेशी आहे. फिजिक्सच्या पेपरात उतारावरच्या ठोकळ्याचा प्रश्न असेल, तर कोणकोणते बल कुठल्या दिशेला आहेत ती आकृती बरोबर काढली की निम्मे गुण तिथेच मिळतात. उत्तर शेवटी चुकलं तरी चालतं. आमच्याकडेही पायऱ्यांना गुण असायचे, पण पायऱ्यासुद्धा आम्ही पाठच केलेल्या असायच्या.

प्रश्नांच्या पोटात त्यांचा देश लपलेला असतो, हे मात्र मला इथे येऊन उमगलं. प्रोग्रॅमिंगच्या एका पहिल्या वर्षाच्या वर्गासाठी मी होमवर्क तपासायचं काम घेतलं, तेव्हाचा पहिलाच प्रश्न होता सुट्ट्या पैशांचा: ग्राहकाला अमुक सेंट परत द्यायचे आहेत, कमीत कमी नाणी वापरून कसे द्याल? क्वार्टर, डाइम, निकेल, पेनी. प्रश्नात त्यांची किंमत लिहिलेली नव्हती, कारण इथल्या पाच वर्षांच्या मुलालाही ती माहीत असते. मला नव्हती. खिशातली नाणी काढून बघितली, तर डाइमवर दहाचा आकडाच नाही, नुसतं 'वन डाइम' लिहिलेलं. शिवाय पाच सेंटच्या निकेलपेक्षा दहा सेंटचं डाइम आकाराने लहान. क्वार्टर म्हणजे आपली पावली हे कळल्यावर मात्र एकदम जवळचं वाटलं. पंचवीस पैसे आपल्याकडे २०११ च्या जूनअखेर चलनातून गेले, पण आजी शेवटपर्यंत 'पावली'च म्हणायची.

तो प्रश्न आहे मोठा सुरेख. आधी शक्य तितकी मोठी नाणी द्या, मग उरलेल्याला त्याहून लहान. अमेरिकन नाण्यांना ही रीत नेहमी बरोबर उत्तर देते. पण निकेल काढून टाका आणि तीस सेंट द्या. आधी क्वार्टर दिला की उरलेल्या पाचासाठी पाच पेनी लागतात, एकूण सहा नाणी. खरं तर तीन डाइममध्ये काम होतं. हे समोरच्या मुलाला सांगायचं नसतं. त्याच्यापुढे नाणी ठेवायची, निकेल उचलून घ्यायचं आणि वाट बघायची. सहाव्या-सातव्या मिनिटाला त्याचा चेहरा उजळतो, तो बघण्यासाठी मी हे काम करते.

इंजिनिअरिंगच्या मुलांना स्टॅटिक्समध्ये, म्हणजे स्थिर वस्तूंवरच्या बलांच्या विषयात, पाउंड आणि फूट असतात. किलोग्रॅम हे वस्तुमान, त्याला ९.८ ने गुणलं की वजन. पाउंड मात्र इथे थेट बल म्हणूनच धरतात, गुणायचं काही नाही. सवयीने मी पन्नास पाउंडांच्या पेटीलाही ९.८ ने गुणून बसले होते. एकक विसरण्याची किंमत किती असू शकते ते नासाला १९९९ मध्ये कळलं. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ हरवलं, कारण कंत्राटदाराचं सॉफ्टवेअर आकडे पाउंड-सेकंदांत देत होतं आणि नासा ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होती. फिजिक्सच्या टेबलावर ही गोष्ट मी दर सेमिस्टरला एकदा तरी सांगते.

आता मूळ गोष्टीकडे येते, जिच्यासाठी हे लिहायला बसले.

ऑक्टोबरमधला मंगळवार. अकाउंटिंगच्या टेबलावर एक बाई आल्या, वय पंचेचाळिशीच्या आसपास. दिवसा एका गोदामात काम, मुलगा हायस्कूलमध्ये, आणि रात्रीचे वर्ग करून पदवी पुरी करायची जिद्द. असे विद्यार्थी इथे पुष्कळ असतात. आपल्याकडे या वयात कॉलेजात परत जायला माणसाला केवढा धीर लागतो, इथे कुणी वळूनही बघत नाही. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', पण मनात मी त्यांना 'तुम्ही'च म्हणते.

प्रश्न घसाऱ्याचा होता, म्हणजे वापरून झिजणाऱ्या वस्तूची किंमत दर वर्षी किती कमी धरायची त्याचा. कंपनीने १ ऑक्टोबरला यंत्र घेतलं, किंमत १२०,००० डॉलर. सहा वर्षं चालेल, शेवटी विकून १२,००० येतील. वर्षअखेरीस पहिली नोंद करा. त्यांनी कॉम्प्युटरवर दोनदा उत्तर भरलं होतं, दोन्ही वेळा लाल फुली. तीनच संधी असतात. त्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढला. नेटवर पैसे भरून कुणाकडून तरी सोडवून घेतला होता, हे त्यांनी न लपवता सांगितलं. "पैसे दिले तरी चूक कसं?" त्या म्हणाल्या. आवाजात राग कमी, दमणूक जास्त होती.

मी कागद हातात घेतला आणि पहिल्याच ओळीला थबकले. १,२०,०००. स्वल्पविराम लाखाच्या जागी होता. खाली नोंद: डेप्रिसिएशन अकाउंट डेबिट, टू मशिनरी अकाउंट. त्याखाली कंसात 'बीइंग'ने सुरू होणारी एक ओळ. अमेरिकन पुस्तकात हे 'टू' नसतं, 'बीइंग' नसतं, आणि घसारा थेट यंत्राच्या खात्यातून कमी न करता वेगळ्या खात्यात साठवतात. हा कागद आपल्या माणसाने लिहिला होता. कुठल्या गावच्या ते ठाऊक नाही, पण बी.कॉम. आपल्याकडे केलेल्या, अक्षर नीट लावलेल्या माणसाने. हजारो मैलांवरून कुणीतरी ओळखीच्या आवाजात बोलावं तसं वाटलं मला.

उत्तर होतं ९,०००. आणि ते कुठून आलं हे मला क्षणात दिसलं. एक लाख आठ हजार भागिले सहा, म्हणजे वर्षाला अठरा हजार. ऑक्टोबर ते मार्च सहा महिने, म्हणून नऊ. लिहिणाऱ्याने वर्ष ३१ मार्चला संपवलं होतं. का संपवणार नाही? प्रश्नात वर्षअखेरीची तारीखच नव्हती. आपल्याकडे वर्षअखेर म्हणजे मार्चएंड. त्या दिवशी आई रात्री अकराच्या आत कधी घरी आलेली मला आठवत नाही. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या दोन्ही बाजूंची बेरीज, जुळेपर्यंत पतसंस्थेचे दिवे चालू असायचे आणि बाबा डबा घेऊन जायचे. इथल्या पुस्तकात मात्र पहिल्याच धड्यात ठरलेलं होतं की वर्ष ३१ डिसेंबरला संपतं, म्हणून पुढे कुणी परत सांगत बसलं नाही.

माझी एक शाळेतली मैत्रीण सांगलीत विश्रामबागेत राहते, एम.कॉम. झालेली. काही महिने ती असंच काम करायची, प्रश्नामागे पैसे. आमची रविवार रात्रीची ११:५९ ची घाई म्हणजे तिच्याकडे सोमवारची साडेनऊची वेळ, त्यामुळे ती पहाटेपासून बसायची. तिला मी ही हकीकत सांगितली तेव्हा ती पटकन म्हणाली, "तारीख दिली नसेल तर मार्चच धरणार ना गं?" या पद्धतीचं मला सगळ्यात वाईट वाटतं ते हेच. एका टोकाला गोदामातून दमून आलेली बाई, दुसऱ्या टोकाला पहाटे उठून मान मोडून लिहिणारी मुलगी. दोघी मनापासून कष्ट करतात, आणि 'वर्ष कधी संपतं?' एवढं एकमेकींना विचारायची सोय नाही. ते विचारता आलं असतं तर दोघींनाही अकाउंटिंग अधिक कळलं असतं.

कागदाबद्दल त्यांना काही बोलायची माझी इच्छा नव्हती. तो मी पालथा ठेवला आणि विचारलं, "हे यंत्र कंपनीकडे या वर्षी किती दिवस होतं?" त्यांनी बोटांवर मोजलं. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. "आणि पूर्ण वर्षाचा घसारा किती?" तो मांडायला वेळ लागला. विकून येणारे बारा हजार आधी का वजा करायचे, हे त्यांना पटेना. त्यांनाच विचारलं, "तुमची गाडी पाच वर्षांनी विकलीत तर काहीतरी हाती येईल ना? मग तेवढी झिजली नाही." त्या गाडीवर आम्ही चांगली वीस मिनिटं घालवली. त्यांनी ती केवढ्याला घेतली, आता केवढ्याला जाईल, दर वर्षी किती 'खाल्ली'. स्वतःच्या गाडीचा घसारा त्यांनी पेन्सिलने काढला, मग यंत्राचा. साडेचार हजार. तिसरी संधी वापरायला त्या घाबरत होत्या. मी गप्प बसले. त्यांनी बटण दाबलं, हिरवी खूण आली, आणि त्यांनी दोन्ही हात टेबलावर आपटले. फिजिक्सच्या टेबलावरची मुलं वळून बघायला लागली.

जाताना त्यांनी विचारलं, पुस्तक घ्यायला पैसे नाहीत, काय करू? हे तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगते. टेक्ससमधल्या राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स नावाचा उपक्रम आहे. फिजिक्स, अकाउंटिंग, बिझनेसची पूर्ण पाठ्यपुस्तकं तिथे इंटरनेटवर फुकट मिळतात, धड्याअखेरच्या प्रश्नांसकट. इंग्रजी सोपं आहे. गावाकडे कुणी पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असेल तर जरूर दाखवा, फक्त वर्षअखेर आणि नोंदींच्या पद्धतीतला फरक लक्षात ठेवायला सांगा.

त्या रात्री आईला फोन केला, तिच्याकडे सकाळ होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "कागद लिहिणाऱ्याचं चुकलं नाही, पण खातं कुणाचं ते आधी बघायचं." मग मी तिला पुढच्या आठवड्याचा धडा सांगितला: शेवटी आलेला माल आधी विकला असं धरून साठ्याची किंमत काढायची, म्हणजे लिफो. ती म्हणाली, हे तिच्या बी.कॉम.च्या पुस्तकात होतं. आपल्याकडच्या हिशेबाच्या मानकांतून ते १९९९ मध्ये काढून टाकलं, अमेरिकेत अजून चालतं. महागाई वाढत असते तेव्हा नंतरचा माल महाग असतो, तो आधी विकला असं धरलं की नफा कमी दिसतो आणि करही कमी बसतो. आईने हे चहा गाळता गाळता समजावलं, आणि मी टेबलावर सांगते त्यापेक्षा कितीतरी चांगलं.

पुढच्या मंगळवारी त्या बाई परत आल्या. वही उघडली. वर, प्रश्नाचा आकडा घालण्याच्याही आधी, त्यांनी पेन्सिलने एक ओळ लिहून दोनदा अधोरेखित केली होती: वर्ष संपतं ३१ डिसेंबरला.

मग त्यांनी मला विचारलं, त्या कागदावरच्या आकड्यात दोन स्वल्पविराम का होते? मी सांगितलं, त्याला लाख म्हणतात. त्यांनी माझ्यामागून तो शब्द दोनदा म्हणून बघितला, वहीच्या समासात १,२०,००० लिहिलं आणि लिफोचा प्रश्न काढला.