राजगड-तोरणा एका दिवसात होतो का?

पावसाळा सरला, गवत पिवळं पडायला लागलं की हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगतो: होतो. पण बेत आखताना सुरुवात सूर्यास्तापासून करायची आणि मागे मागे यायचं.

वाट अशी आहे. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातून चोरदरवाज्याने पद्मावती माची गाठायची, तिथून संजीवनी माची, मग अळू दरवाज्यातून उतरून डोंगरधारेने खिंडीत. तिथे वेल्हे-भुतोंडे रस्ता आडवा येतो. तो ओलांडून पुन्हा धार धरायची, बुधला माचीवरून तोरण्यात शिरायचं आणि बिनी दरवाज्याने पायथ्याच्या वेल्ह्यात उतरायचं. अंतर वीस किलोमीटरच्या आतबाहेर. राजगड साडेचार हजार फुटांच्या आसपास, तोरणा १४०३ मीटर, आणि मधली धार बरीच खाली उतरते. त्यामुळे दिवसाची एकूण चढाई १२०० मीटरच्या घरात जाते.

वेळ काढायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशेब अजून कामाला येतो: पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे इथे चार अधिक दोन, सहा तास. हा आकडा सह्याद्रीत तसाच धरला की फसगत होते. त्यात ऊन नाही, घसाऱ्यावरची उतराई नाही, खाण्यापिण्याचे थांबे नाहीत. दीडपट करा, नऊ तास. थांब्यांचे दोन धरा, अकरा. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दीड तास राखीव हवाच, म्हणून साडेचारला वेल्ह्यात पोचायचं. निघायचं पहाटे साडेपाचला, हेडलॅम्प लावून.

टप्पे कागदावर लिहून खिशात ठेवा. पावणेआठला पद्मावती माची, सव्वाआठला तिथून निघायचं. नऊला अळू दरवाजा, साडेदहाला खिंड. सव्वाला बुधल्याचा, म्हणजे बुधला माचीवरच्या सुळक्याचा पायथा, सव्वादोनला मेंगाई देवीचं देऊळ, पावणेतीनला उतरायला सुरुवात. यातली खिंडीची वेळ सगळ्यात महत्त्वाची. तिथे बारा वाजले की राखीव दीड तास संपला, मग तोरण्याकडे पाऊल टाकायचं नाही. रस्त्याने वेल्ह्याकडे उतरायचं. पुढच्या धारेवर सुखाने बाहेर पडता येईल अशी दुसरी वाट नाही, आणि बुधल्याच्या खडकावर अंधारात असणं म्हणजे अपघाताला बोलावणं. राजगडाच्या बालेकिल्ल्याचा मोह बहुतेकांना होतो. जाऊन-येऊन तासभर तरी लागतो आणि तो याच राखीव वेळेतून जातो. बालेकिल्ला वेगळ्या दिवशी, सवडीने बघा. त्याचा मान तेवढा आहे.

उलट, तोरण्याकडून राजगडाकडे का नको? बुधल्याच्या खडकाळ टप्प्यासाठी. खडक चढताना पकडी डोळ्यांसमोर असतात, उतरताना पायाने चाचपडत शोधाव्या लागतात. त्या टप्प्याखाली पोचलात की काठ्या घडी करून सॅकमध्ये टाका, सॅकचे पट्टे आवळा, कॅमेरा गळ्यात लोंबकळत ठेवू नका. तीन आधार पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही: दोन पाय-एक हात, किंवा दोन हात-एक पाय. एका वेळी एकच माणूस. वरचा सुरक्षित जागी पोचेपर्यंत खालचे बाजूला सरकून उभे राहतात, कारण वरच्याच्या पायाखालून सुटलेला मुठीएवढा दगडही डोकं फोडतो. गवत किंवा झुडूप धरून शरीराचा भार टाकायचा नाही. डिसेंबरात ते मुळासकट हातात येतं.

खरी घसरगुंडी मात्र अळू दरवाज्याखाली होते. कडक मुरमावर बारीक गोल खडी पसरलेली असते आणि वरून वाळलेलं गवत. घाबरून माणूस मागे रेलतो, भार टाचेवर जातो आणि पाय सुटतो. गुडघे किंचित वाकवून, वजन पायांच्या बरोबर वर ठेवून, अख्खा तळवा टेकत छोटी पावलं टाका. दोघांत चार-पाच मीटर अंतर ठेवा. उतरण्याआधी बुटाच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट करा, म्हणजे पाऊल पुढे सरकून बोटं बुटावर आपटत नाहीत. नखं दोन दिवस आधीच कापलेली असावीत, नाहीतर वेल्ह्यात पोचेपर्यंत अंगठ्याचं नख काळंनिळं होतं. सोल झिजलेले बूट या वाटेवर आणूच नका.

पाणी माणशी चार लिटर. दोन लिटर घेऊन चढलात तरी चालेल, पण पद्मावती माचीवर चारही भरून घ्या, टाक्याचं पाणी गाळून-शुद्ध करून. तिथून तोरण्याच्या टाक्यांपर्यंत मध्ये भरवशाचं पाणी नाही. शनिवार-रविवारी धारेवर लिंबू-सरबत मिळतं, ते गृहीत धरू नका. नुसतं पाणी ढोसलं की घामावाटे गेलेलं मीठ भरून निघत नाही, आणि मग दुपारच्या चढाला मांड्यांत गोळे येतात. म्हणून एक लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ठेवा, चमचा चहाचा. खायला दशम्या किंवा धपाटे, गूळ-शेंगदाणे, खजूर, संत्री. दर तासाला थोडं थोडं. खिंडीत पोटभर जेवलं की पुढच्या चढाला पाय उचलत नाहीत.

अत्तर, डिओ लावू नका आणि कड्याजवळ धूर करू नका. आग्या मोहोळ उठलं तर पळायला धारेवर जागा नसते.

गट सहा ते आठ जणांचा बरा. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, वाट माहीत असलेला एक पुढे त्याच्याबरोबर आणि एक शेवटी. गाडी वेल्ह्यात लावून आदल्या संध्याकाळी गुंजवण्यात मुक्कामाला या, म्हणजे संध्याकाळी दमलेल्या पायांनी गाडी शोधत फिरावं लागत नाही. घरच्यांना टप्प्यांचा तोच कागद द्या, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचं तेही लिहून द्या. फोन विमान मोडवर ठेवला की बॅटरी टिकते.

आता तुमची तयारी आहे का, हे कसं ओळखायचं? आतकरवाडीतून सिंहगड चढायचा, उतरायचा आणि लगेच पुन्हा चढायचा. एका खेपेची चढाई सुमारे ६०० मीटर, दोन खेपांत या वाटेएवढी होते. पहिली खेप सव्वा तासात आणि दुसरी दीड तासाच्या आत झाली, आणि दुसऱ्या उतराईला गुडघे थरथरले नाहीत, तर तारीख ठरवा. थरथरले तर आणखी चार रविवार सिंहगडावर घाला, त्यात उतरायचा सराव जास्त. तोरण्यावरून वेल्ह्याची उतराई दिवसाच्या शेवटी येते आणि तेव्हा सगळा भार गुडघ्यांवरच असतो.