निवेपर्यंत

गाडीला मोठे टायर घातले आणि चढावर ती धापा टाकायला लागली. उपाय एकच, क्राऊन-पिनियनची नवी जोडी, म्हणजे एक्सलमध्ये (चाकांच्या आसात) इंजिनाचा जोर चाकांकडे वळवणारी एक मोठी आणि एक छोटी दातेरी चक्रं. तीही ४.१० रेशोची, म्हणजे छोटा पिनियन ४.१ वेळा फिरला की मोठा क्राऊन एकदा फिरतो. खरं तर दोन जोड्या. फोर बाय फोरमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देता येणाऱ्या गाडीत, मागचा आणि पुढचा रेशो सारखाच लागतो, नाहीतर पुढचा एक्सल गुंतवल्याबरोबर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडायला लागतात. म्हणजे खर्चही डबल.

किल्ली देताना मेकॅनिक म्हणाला, "पंचवीस किलोमीटर जा, पण सावकाश. मग थांबा. पूर्ण गार होऊ दे, मग पुढे."

"किती वेळ?"

"हात लावून बघा की."

शिजेपर्यंत धीर धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही, असं म्हणतात. पहिल्या थांब्यावर मी गाडीमागे उकिडवा बसलो, डिफरन्शियलच्या, म्हणजे हे गिअर ज्यात बसतात त्या गोळ्याला हात टेकवला आणि तितक्याच चपळाईने उचलला. येणारेजाणारे गाडी बंद पडली समजून थांबत होते. "काय झालं?" "काही नाही, गार करतोय." यावर कोणाकडेच पुढचा प्रश्न नसे.

एवढी उष्णता येते कुठून? या गिअरमध्ये पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्याच्या खाली सरकवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घसरतातही. नवे दात डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यावर बारीक उंचवटे असतात. ते घासून बसेपर्यंत घर्षण जास्त. त्या दिवसांत गाडी दामटली किंवा ट्रेलर ओढला, तर तेल जळतं, दातांच्या वरच्या थराचा कडकपणा उतरतो आणि मग गाडी जन्मभर रडते.

त्या रडण्याच्या धास्तीने रेडिओ बंद. मी नुसता कान देऊन बसलेला. साधारण ३३ इंची टायर आणि ताशी ८० किलोमीटर धरले, तर क्राऊनचे ४१ दात सेकंदाला जवळजवळ ३४५ वेळा पिनियनला भिडतात. म्हणजे पेटीवरच्या सफेद चारच्या आसपासचा सूर. हे गणित केलं नसतं तर बरं झालं असतं. त्यानंतर टायरचा आवाज, वारा, सगळंच मला सफेद चारमध्ये ऐकू यायला लागलं.

त्या ४१ मध्येही गंमत आहे. पिनियनला दात १०. सरळ ४० ठेवले असते तर पिनियनच्या प्रत्येक दाताच्या वाट्याला आयुष्यभर तेच चार दात आले असते. ४१ मुळे प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते आणि झीज सगळीकडे सारखी होते. पिनियनचे ४१ फेरे झाले की पहिली जोडी पुन्हा समोरासमोर. याच वेगाला त्याला लागतो जेमतेम सव्वा सेकंद. आणि दोन दातांमधली फट सुमारे ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या दोन पानांएवढी.

पुढच्या एक्सलची अडचण वेगळी. माझी गाडी एरवी मागच्या चाकांवरच चालते, म्हणजे पुढचे गिअर बिनकामाचे. डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकून चालत नाही, वळणावर चाकं आखडतात. मग एका कच्च्या रस्त्यावर मी एकटाच, सायकलच्या वेगाने, कुठेही न जाण्यासाठी चाललेला. आयुष्यात इतका निरुद्देश प्रवास मी दुसरा केलेला नाही.

८०० किलोमीटर झाल्यावर तेल काढलं. गिअर ऑइलमध्ये गंधकाची संयुगं असतात, त्याचा वास अंघोळीला दाद देत नाही. तेलात चंदेरी झाक होती आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या लोण्यासारखा लगदा. तो मी दोन बोटांत चोळून पाहिला, पुन्हा चोळला. एकही कण टोचला नाही.

नवं तेल भरलं, घरी निघालो, रेडिओ लावला. आवाज मात्र जरा हळूच ठेवला.